एमडी ॲनेस्थेशियानंतर रिजनल आणि पेन फेलोशिप: निवडीपासून स्वतंत्र प्रॅक्टिसपर्यंत

रिजनल ॲनेस्थेशिया (शरीराचा ठरावीक भागच बधिर करणं) आणि पेन मॅनेजमेंट (वेदनेवरचे उपचार) ही नावं नेहमी जोडीने घेतली जातात. नवख्या भूलतज्ज्ञाची पहिली गफलत इथेच होते. सुई, औषधं आणि अल्ट्रासाउंड दोन्हीकडे सारखेच असले तरी कामाचा दिवस वेगळा असतो. रिजनलवाला सकाळी ऑपरेशनची लिस्ट सुरू होण्याआधी ब्लॉक रूममध्ये, म्हणजे नसेभोवती औषध टोचून भाग बधिर करण्याच्या खोलीत असतो. पेशंटशी त्याची ओळख पंधरा-वीस मिनिटांची असते आणि ब्लॉक चालला की नाही हे अर्ध्या तासात कळतं. पेनवाला ओपीडीत बसतो. एकेक पेशंट महिनोन्‌महिने त्याच्याकडे येत राहतो, आणि केलेल्या प्रोसिजरचा खरा हिशोब सहा आठवड्यांनी लागतो. ज्याला ओटीचा वेग आवडतो त्याला ओपीडीचा कंटाळा येतो. ज्याला पेशंटशी बोलायला आवडतं, तो दिवसाला आठ ब्लॉक देऊन घरी रिकाम्या मनाने जातो. त्यामुळे अर्ज भरण्याआधी दोन्ही ठिकाणी किमान आठवडाभर ऑब्झर्व्हर म्हणून बसा. बहुतेक विभागप्रमुख त्याला नाही म्हणत नाहीत.

रोजीरोटीचा विचारही आत्ताच करून ठेवा. रिजनलच्या कौशल्याला ऑर्थो, प्लास्टिक आणि हँड सर्जरीची लिस्ट लागते. ज्या गावात तुम्ही बसणार आहात तिथे खांद्याची आर्थ्रोस्कोपी आणि गुडघेबदल होत नसतील, तर शिकलेले अर्धे ब्लॉक वर्षभरात हातातून जातील. पेन प्रॅक्टिस तालुक्याच्या ठिकाणीही उभी राहते. मात्र तिला वेळ लागतो, आणि सी-आर्म (सुई टोचताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) असलेल्या हॉस्पिटलशी आधी बोलणं करून ठेवावं लागतं.

फेलोशिपचे प्रकार

राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी (फेलो ऑफ नॅशनल बोर्ड) पेन मेडिसिन ही दोन वर्षांची फेलोशिप आहे. तिच्यासाठी फेलोशिप एंट्रन्स टेस्ट द्यावी लागते, नंतर काउन्सेलिंगमधून जागा मिळते. जागा मोजक्या असतात. अभ्यासक्रम, लॉगबुक आणि शेवटची परीक्षा हे सगळं मंडळाचं असल्यामुळे अध्यापनात जायचं असेल तर ही वाट सर्वांत भक्कम.

दुसरा प्रकार विद्यापीठाचा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ मान्यताप्राप्त संस्थांमध्ये फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: ज्या केंद्रात जाणार आहात त्याची मान्यता त्या शैक्षणिक वर्षासाठी चालू आहे का. संकेतस्थळावरच्या यादीत नाव नसेल तर तोंडी आश्वासनावर रुजू होऊ नका.

तिसरा प्रकार संघटनांचा: रिजनलसाठी अकॅडमी ऑफ रिजनल ॲनेस्थेशिया ऑफ इंडिया, म्हणजे आओरा, पेनसाठी इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन. याशिवाय मोठ्या हॉस्पिटलांच्या स्वतःच्या फेलोशिप असतात. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव रिजनलमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतं. तिथे ट्रॉमा आणि हँड सर्जरीचं काम प्रचंड असल्याने वरच्या हाताचे ब्लॉक रोजच्या रोज होतात. मुंबईत कॅन्सरच्या वेदनांवरचं काम बघायचं तर टाटा मेमोरियलला तोड नाही.

आठवडाभराचे आणि महिन्याभराचे कोर्सही फेलोशिप या नावाने विकले जातात. आमचं स्पष्ट मत असं की त्यांना कार्यशाळा समजूनच पैसे भरावेत. मॉडेलवर अल्ट्रासाउंडचा प्रोब धरून शरीररचना कळते. ब्लॉक फेल गेल्यावर काय करायचं हे तिथे कळत नाही, कारण तिथे कोणाचा ब्लॉक फेल जातच नाही.

अर्जाआधीचे सहा महिने

सरकारी कॉलेजातून पीजी केलं असेल तर बॉन्डचं एक वर्ष कसं आणि कधी संपतंय ते आधी पाहा. मूळ कागदपत्रं कॉलेजकडेच अडकलेली असतात आणि रुजू होण्याच्या दिवशी नेमकी तीच मागितली जातात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत एमडी किंवा डीएनबीची ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद करून घ्या. बरेच जण हे टाळतात आणि ऐनवेळी धावपळ करतात. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या परिषदेची नोंदणी आणि इथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. याला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून निवड झाल्याच्या दिवशीच अर्ज टाका. इंडेम्निटी विमा चालू आहे का आणि त्यात इंटरव्हेन्शनल पेन प्रोसिजर येतात का, हे एजंटला लेखी विचारा. हिपॅटायटिस बीचं लसीकरण आणि एसीएलएस (हृदय थांबल्यावरच्या उपचारांचं) प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

डीए (ॲनेस्थेशियाचा डिप्लोमा) झालेल्यांनी फी भरण्याआधी पात्रतेची ओळ नीट वाचावी. सगळ्याच फेलोशिप डिप्लोमाधारकांना खुल्या नाहीत.

अभ्यास म्हणाल तर या काळात एकच करा: ब्रॅकियल प्लेक्सस आणि लंबोसॅक्रल प्लेक्सस (हाताच्या आणि पायाच्या नसांची जाळी) कागदावर न बघता काढता यायला हवेत, डर्मॅटोम, मायोटोम आणि ऑस्टिओटोमसकट, म्हणजे कातडी, स्नायू आणि हाडाला कोणती नस पुरवठा करते त्यासकट. हाडाचा पुरवठा कातडीपेक्षा वेगळा असतो, आणि मनगटाच्या फ्रॅक्चरला ब्लॉक "लागूनही" पेशंट का ओरडला याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न

मुलाखत दोन्ही बाजूंची असते. विभागात वर्षाला किती ब्लॉक होतात या आकड्याला फारसा अर्थ नाही. मागच्या फेलोने स्वतःच्या हाताने किती केले ते विचारा, आणि शक्य असेल तर त्याचा फोन नंबर घेऊन त्यालाच विचारा. बाकी कोणी नसताना त्याला सुई हातात मिळायची की प्रोब धरून उभं राहावं लागायचं, हे तो सांगेल.

ब्लॉक रूम वेगळी आहे का? नसेल तर सर्जन हात धुऊन उभा असताना ब्लॉक द्यावा लागतो, आणि अशा घाईत शिकाऱ्याच्या हातून सुई काढून घेतली जाते. कॅथेटर टाकतात का, आणि टाकले तर रात्री त्यांचा राउंड कोण घेतं? ॲक्यूट पेन सर्व्हिस (ऑपरेशननंतरच्या वेदना बघणारं पथक) कागदावर आहे की खरी? पेन फेलोशिपमध्ये सी-आर्मचे किती दिवस आणि ओपीडीचे किती? आठवड्यात पाच दिवस प्रोसिजर आणि अर्धा दिवस ओपीडी असेल, तर तिथे निर्णय घेणं शिकवलं जाणार नाही. जनरल ॲनेस्थेशियाच्या लिस्टसाठी आणि रात्रीच्या इमर्जन्सीसाठी फेलोला किती ओढलं जातं, हेही मोकळेपणाने विचारा. स्टायपेंड, राहण्याची सोय आणि रजा ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

पहिला महिना: सुईआधी प्रोब

चांगल्या केंद्रात पहिले काही आठवडे तुम्हाला फक्त स्कॅन करायला लावतात. त्याचा राग मानू नका. वरवरच्या नसांसाठी लिनिअर प्रोब, साधारण ६ ते १३ मेगाहर्ट्‌झ; मांडीत खोल, कंबर आणि मणक्यासाठी कर्व्हिलिनिअर, २ ते ५ मेगाहर्ट्‌झ. आधी डेप्थ, मग गेन, मग फोकस. नवखा माणूस डेप्थ नेहमी जास्त ठेवतो, आणि नस पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिमुकली दिसते. लक्ष्य पडद्याच्या मध्याला आणा.

प्रोबच्या चार हालचाली सुट्या सुट्या शिका: दाबणं, सरकवणं, फिरवणं, तिरका करणं. यातली तिरका करण्याची हालचाल सर्वांत कमी वापरली जाते आणि नस दिसण्यासाठी सर्वांत जास्त लागते. अल्ट्रासाउंडचा किरण नसेवर काटकोनात पडला नाही तर नस आसपासच्या उतींत विरून जाते. पॉप्लिटियल खळग्यात सायटिक शोधताना प्रोब पायाच्या दिशेने पाच-दहा अंश झुकवला की आत्तापर्यंत न दिसणारी नस एकदम उजळते. घोट्याची हालचाल करायला सांगितलं तर टिबियल आणि पेरोनियल एकमेकींवर वरखाली होताना दिसतात.

दिवसाला दोन सहकाऱ्यांचे हातपाय स्कॅन करा. सुईसाठी जिलेटिनचा ठोकळा किंवा चिकनचा तुकडा पुरतो. सराव एकाच गोष्टीचा करायचा: सुईचं टोक पडद्यावर नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही. ही सवय हाताला लागेपर्यंत पेशंटवर जाऊ नये.

सगळे ब्लॉक एकदम शिकायचा मोह आवरा. रिजनल ॲनेस्थेशिया यूकेच्या मंडळींनी २०२० च्या सुमारास प्लॅन ए ब्लॉक्सची कल्पना मांडली: इंटरस्केलीन, ॲक्झिलरी, फीमोरल, ॲडक्टर कॅनाल, पॉप्लिटियल सायटिक, इरेक्टर स्पायनी प्लेन आणि रेक्टस शीथ. एवढ्या सातांत शरीराचा बहुतेक भाग येतो. आपल्याकडे सुप्राक्लॅव्हिक्युलर इतका चालतो की तो आठवा धरावा. पहिल्या चार महिन्यांत हे पक्के झाले की मग पेंग (खुब्याच्या सांध्याचा) आणि क्वाड्रेटस लंबोरम (कंबरेच्या स्नायूलगतचा) या ब्लॉककडे वळा.

एक ब्लॉक जवळून: सुप्राक्लॅव्हिक्युलर

आधी खात्री करून घ्या: बाजू कोणती, खूण आहे का, संमतिपत्रावर तीच बाजू आहे का. सुई टोचण्याच्या क्षणी पुन्हा थांबून विचारायचं. चुकीच्या बाजूला ब्लॉक बहुधा पेशंट कुशीवर वळवल्यावर किंवा मध्ये कोणी बोलायला आल्यावर दिला जातो. आयव्ही लाइन, ईसीजी, बीपी आणि सॅच्युरेशन लावल्याशिवाय सुरुवात नाही.

पेशंटला थोडं उठतं ठेवा, मान विरुद्ध बाजूला, खांदा खाली. प्रोब गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात ठेवून छातीच्या दिशेने झुकवा. धडधडणारी काळी गोल सबक्लेव्हियन आर्टरी दिसेल. तिच्याखाली पांढरी रेघ दिसते ती पहिली बरगडी. तिच्यामागे गडद सावली पडते. बाजूला आणखी एक पांढरी रेघ असते, पण ती श्वासाबरोबर सरकते आणि तिच्यामागे चमकते पट्टे दिसतात. ती प्लुरा, फुप्फुसावरचं आवरण. या दोन रेघांतला फरक न सांगता येणाऱ्या फेलोला इथे सुई देऊ नये. आर्टरीच्या बाहेरच्या अंगाला, किंचित वर, द्राक्षाच्या घडासारखा प्लेक्सस असतो.

कलर डॉपलर लावून सुईच्या वाटेत डॉर्सल स्कॅप्युलर किंवा ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल आर्टरी नाही ना ते पाहा. ही पायरी घाईत गळते. २२ गेजची ५० मिलिमीटर सुई, बाहेरून आत, प्रोबच्या पातळीत. पहिलं लक्ष्य बरगडी आणि आर्टरी यांच्यातला कोपरा. तिथे औषध पोचलं नाही तर अल्नरचा भाग सुटतो आणि करंगळीकडे टाके घालताना पेशंट हात ओढतो. मग सुई थोडी मागे घेऊन घडाच्या वरच्या बाजूला उरलेलं औषध. एकूण २० ते २५ मिलि, दर वेळी ३ ते ५ मिलि, प्रत्येक वेळी आधी ॲस्पिरेट, म्हणजे सिरिंज मागे ओढून रक्त येतं का पाहायचं. औषध जाताना पडद्यावर काळं पसरताना दिसलंच पाहिजे. इंजेक्शन जातंय पण पसरताना दिसत नाही, म्हणजे टोक दुसरीकडे आहे किंवा रक्तवाहिनीत आहे. थांबा.

हाताला जोर लागत असेल, पेशंटला चमक गेली असेल, किंवा नर्व्ह स्टिम्युलेटरवर (नसेला बारीक करंट देणाऱ्या यंत्रावर) ०.२ मिलिअँपिअरच्या खालीही स्नायू उडत असेल तर टोक नसेच्या आत असू शकतं. मागे घ्या. सहायकाने सिरिंज दाबायची आणि डॉक्टरने सुई धरायची अशी आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे जोर लागतोय हे डॉक्टरला कळतच नाही. सहायकाला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा: कठीण गेलं की बोलायचं.

ब्लॉकनंतर धाप लागली तर दोन गोष्टी आठवा. फ्रेनिक नस बधिर झाल्याने अर्धा डायफ्रॅम थांबतो. इंटरस्केलीनला २० मिलि दिले तर हे जवळजवळ प्रत्येकात होतं, इथे त्यामानाने कमी. म्हणून दुसऱ्या बाजूचं फुप्फुस अधू असलेल्या पेशंटला ॲक्झिलरी किंवा इन्फ्राक्लॅव्हिक्युलर द्यावा. दुसरी गोष्ट न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा शिरणं. तो लगेच दिसेलच असं नाही. काही तासांनी, पेशंट वॉर्डात गेल्यावरही लक्षणं सुरू होतात.

डोसचं गणित आणि लिपिडची बाटली

६० किलोच्या पेशंटला बुपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा २ मिग्रॅ प्रतिकिलो धरली तर १२० मिग्रॅ. ०.५ टक्क्याचे २० मिलि म्हणजे १०० मिग्रॅ. आता शेवटी सर्जनने न विचारता जखमेत त्याच बाटलीतले १० मिलि टोचले, तर बेरीज १५० होते. हा प्रकार रोज घडतो. म्हणून दिलेला डोस ओटीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि सर्जनसाठी किती मिलि उरले तेही लिहायचं. रोपिव्हॅकेनसाठी ३ मिग्रॅ प्रतिकिलो, ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनसाठी ७. दोन औषधं मिसळली की दोघांच्या मर्यादा वेगवेगळ्या मोजता येत नाहीत, विषबाधेची बेरीजच होते. वृद्ध, गरोदर, यकृत किंवा हृदय कमजोर असलेल्यांत मर्यादा आणखी खाली आणा.

तोंडाभोवती बधिरपणा, कानात गुंजणं, बडबड, मग झटके, मग हृदयाची लय बिघडणं हा या विषबाधेचा पुस्तकी क्रम. प्रत्यक्षात पहिलं लक्षण थेट झटका किंवा लय बिघडणं असू शकतं. हाक मारा, ऑक्सिजन, श्वासमार्ग, झटक्यांसाठी मिडाझोलाम, आणि लगेच २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, या विषबाधेवरचा उतारा): १.५ मिलि प्रतिकिलो दोन-तीन मिनिटांत, नंतर ०.२५ मिलि प्रतिकिलो दर मिनिटाला. ६० किलोला बोलस ९० मिलि आणि मग मिनिटाला १५ मिलि. म्हणजे २५० मिलिची बाटली साधारण तेरा मिनिटांत संपते. एकूण मर्यादा १२ मिलि प्रतिकिलो, म्हणजे ७२० मिलि. एकच बाटली ठेवणारं हॉस्पिटल तयारीत नाही. ॲड्रेनलिन लागलं तर छोट्या मात्रेत, १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोपेक्षा कमी. व्हेरापामिल आणि बीटा ब्लॉकर टाळा. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडची जागा घेत नाही. त्यात लिपिड कमी आणि हृदय दाबणारं औषध जास्त.

रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी ही बाटली कुठल्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि एक्स्पायरी काय आहे हे स्वतः जाऊन पाहा.

ब्लॉकनंतरचे दोन दिवस

रिजनलची खरी फेलोशिप वॉर्डात होते. फीमोरल ब्लॉक दिलेला पेशंट बाथरूमला निघाला आणि गुडघा वाकून पडला, तर गुडघेबदलाचं सगळं काम वाया. म्हणून मांडीचा जोर बराचसा टिकवणारा ॲडक्टर कॅनाल, आणि तरीही बेडवर "आधाराशिवाय उठू नये" ही पाटी. ब्लॉक उतरताना रात्री दोन वाजता एकदम ठणका उसळतो. पॅरासिटामॉल आणि एनएसएआयडी ब्लॉक चालू असतानाच, ठरावीक वेळेवर सुरू करा आणि हे ड्यूटीवरच्या सिस्टरला समक्ष सांगा. कॅथेटरला ०.२ टक्के रोपिव्हॅकेन ताशी ५ ते ८ मिलि ही साधारण सुरुवात. दुखणं हालचाल करताना किती हे विचारा. पडून असताना सगळेच "बरं आहे" म्हणतात.

नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये ब्लॉक देण्याआधी सर्जनशी कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दल (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) बोललंच पाहिजे, कारण त्याचं दुखणं ब्लॉकमुळे झाकलं जाऊ शकतं. दिलाच तर पातळ औषध द्या, आणि ब्लॉक असूनही वाढत जाणारं दुखणं धोक्याचं समजा.

४८ तासांनीही बधिरपणा किंवा अशक्तपणा उरला तर स्वतः तपासा, लिहा, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ईएमजीमधले (स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीतले) नवे बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. लवकर केलेला ईएमजी मात्र नसेला आधीपासून त्रास होता का हे सांगतो. अशा पेशंटला फोन करत राहणारा डॉक्टर आणि फोन टाळणारा डॉक्टर यांची गोष्ट पुढे फार वेगवेगळी होते.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं वेळापत्रक पाठ हवं. स्पायनल किंवा एपिड्युरलआधी एनॉक्झापॅरिनच्या प्रतिबंधक डोसनंतर किमान १२ तास, उपचाराच्या डोसनंतर २४ तास, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस बंद. खोल ब्लॉकनाही, उदाहरणार्थ लंबर प्लेक्ससला, हाच नियम. औषध बंद करायचं का हे कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. स्टेंट ताजा असेल तर ब्लॉक सोडा, स्टेंट वाचवा.

पेन फेलोशिप: आधी कान, मग सुई

पेन ओपीडीत पेशंट एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवतो आणि "मणक्यात गॅप आहे" म्हणतो. पिशवी बाजूला ठेवा. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआयमध्येही डिस्क बल्ज दिसतात, त्यामुळे रिपोर्टवर उपचार केले की चुकतं. आधी ऐका. ठणकतं, जड वाटतं, वाकल्यावर कळ येते, हे एक. आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, चादर लागली तरी सहन होत नाही, हे दुसरं आणि बहुधा नसेचं. ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड, जुना कॅन्सर, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा यांपैकी काहीही असेल तर सुई बाजूला ठेवून तपासणी. नैराश्य आणि झोप यांबद्दल विचारल्याशिवाय पहिली भेट पुरी होत नाही.

औषधं लिहिणंही इथेच शिकायचं. म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी प्रीगाबालिन ७५ दोनदा दिलं की तो चक्कर येऊन पडतो; रात्रीच्या एका छोट्या मात्रेने सुरुवात करा. ॲमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ रात्री, पण आधी ईसीजी आणि प्रोस्टेटची चौकशी. मॉर्फिन सुरू केलं त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते.

आता सी-आर्म. लंबर मीडियल ब्रँच ब्लॉक हा बहुतेकांचा पहिला प्रोसिजर, आणि पहिली चूकही ठरलेली. एल४-एल५ फॅसेटला (मणक्यांमधल्या छोट्या सांध्याला) एल३ आणि एल४ च्या मीडियल ब्रँच, म्हणजे बारीक नसा, पुरवठा करतात, आणि त्या अनुक्रमे एल४ आणि एल५ च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर सापडतात. एका पातळीचा हा घोळ कागदावर सोडवूनच गाऊन चढवा. एंडप्लेट सरळ एका रेषेत आणा, मग सी-आर्म २० ते ३० अंश तिरका करा, "स्कॉटी डॉग", म्हणजे कुत्र्यासारखी आकृती दिसेल. त्याच्या डोळ्यापाशी, सुपीरियर आर्टिक्युलर प्रोसेस आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या सांध्यात, हाडावर टेकायचं. ०.३ ते ०.५ मिलि लोकल पुरे. जास्त घातलं तर ते शेजारी पसरतं आणि निदानाला अर्थ उरत नाही. पेशंटला तासातासाची वेदना-डायरी द्या. आराम औषधाच्या अंमलाएवढा टिकला तरच तो खरा. दोन वेगवेगळ्या दिवशी उत्तर तेच आलं की रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने ती नस निकामी करणं): ५० हर्ट्‌झला ओळखीची जाणीव, २ हर्ट्‌झला पाय उडता कामा नये, मग लोकल देऊन ८० अंशांवर ६० ते ९० सेकंद.

ट्रान्सफोरॅमिनल इंजेक्शनमध्ये (मणक्यातून नस बाहेर पडते त्या छिद्रातल्या) कॉन्ट्रास्ट लाइव्ह स्क्रीनिंगमध्येच सोडा. थांबलेल्या चित्रात रक्तवाहिनीतून वाहून गेलेला कॉन्ट्रास्ट दिसत नाही. मानेच्या ट्रान्सफोरॅमिनलला कण असलेलं स्टिरॉइड अजिबात नको; ते कण रक्तवाहिनीत गेले तर मेंदू किंवा स्पायनल कॉर्डचा रक्तपुरवठा तुटतो. डेक्सामेथासोन वापरा. कंबरेतही आम्ही आधी तेच वापरायला सांगू.

कॅन्सरच्या पेशंटसाठी सिलिअॅक प्लेक्सस न्यूरोलिसिस (पोटातल्या नसांचं जाळं औषधाने निकामी करणं) शिका, आणि तो लवकर सुचवायला शिका. शेवटच्या आठवड्यात पाठवलेल्या पेशंटला त्याचा फायदा मिळत नाही. नंतर बीपी पडतं आणि जुलाब होतात हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं की घबराट होत नाही. पाय लुळे पडणं दुर्मीळ असलं तरी संमतिपत्रात असलंच पाहिजे.

लेड ॲप्रन, थायरॉइड शील्ड आणि टीएलडी बॅज (किरणांचा डोस मोजणारा) यांत सूट नाही. बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा. तो तीन महिन्यांनी बदलतो. तुमचा हात किरणांत दिसणाऱ्या प्रत्येक चित्राचा डोस बोटांना मिळतो, म्हणून सुई फोर्सेप्सने धरा.

लॉगबुक आणि परीक्षा

लॉगबुक त्याच दिवशी भरा. ब्लॉकचं नाव आणि तारीख एवढ्याने काही शिकता येत नाही: सुई किती वेळा पुन्हा घातली, किती मिनिटांत लागला, पूरक भूल लागली का, दुसऱ्या दिवशी पेशंट काय म्हणाला, हे रकाने हवेत. पाहिलेले, देखरेखीखाली केलेले आणि एकट्याने केलेले वेगळे ठेवा. तीन महिन्यांनी एकाच ब्लॉकचे अपयश एकाखाली एक वाचले की आपली ठरलेली चूक समोर येते.

रिजनलमध्ये युरोपियन संस्थेचा ईडीआरए हा डिप्लोमा आहे: पहिला भाग बहुपर्यायी, दुसरा तोंडी आणि अल्ट्रासाउंडचा. पेनमध्ये वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी, जी २००१ पासून घेतली जाते. तिच्यात लेखी, तोंडी आणि शवावर प्रात्यक्षिक असतं. अल्ट्रासाउंडवर भर असेल तर त्याच संस्थेची सीआयपीएस. या परीक्षा फेलोशिपच्या मध्यावर ठरवाव्यात, कारण खर्च मोठा असतो आणि हात तयार नसताना दिल्या तर तो वाया जातो. परदेशी जायचं असेल तर ब्रिटनची मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही जास्तीत जास्त २४ महिन्यांची वाट आहे. अमेरिकेत रिजनल आणि ॲक्यूट पेनच्या फेलोशिपना २०१६ पासून एसीजीएमईची (तिथल्या प्रशिक्षणांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता मिळू लागली, पण तिथे प्रवेशासाठी बहुधा तिथलीच रेसिडेन्सी लागते.

बाहेर पडण्याआधीचे कागद

अल्ट्रासाउंड मशीन घेण्याआधी पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) समजून घ्या. तुम्ही फक्त नसा पाहणार असलात तरी मशीनची नोंदणी लागते आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरचं नाव त्या नोंदणीत असावं लागतं. हॉस्पिटलचं मशीन रेडिऑलॉजिस्टच्या नावावर आहे म्हणून तुम्ही प्रोब उचललात, तर अडचणीत तुम्ही आणि हॉस्पिटल दोघेही येता. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेणं चालत नाही, आणि आपल्याकडच्या फिरत्या भूलतज्ज्ञांना सर्वांत जास्त अडचण याच नियमाची होते. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे आधी जाऊन लेखी विचारा. ज्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये काम करणार त्यांच्याकडून आपलं नाव जोडल्याची प्रत घ्या. नियमाप्रमाणे एका डॉक्टरची नोंद एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर होते, तेव्हा ती दोन कोणती हे विचारपूर्वक ठरवा.

सी-आर्मसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर नोंद असते. ती हॉस्पिटलने केली आहे का बघा. मॉर्फिन ठेवायचं असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. या नोंदवहीतली रोजची शिल्लक गोळीगणिक जुळावी लागते. फेलोशिपच्या शेवटच्या महिन्यात विभागातली ही वही काही दिवस स्वतः सांभाळायला मागून घ्या, आणि लिपिडच्या तीन बाटल्या तुमच्या नव्या हॉस्पिटलच्या पहिल्याच खरेदी-यादीत लिहा.